मदत हवी आहे: आजोबांच्या जपानी कॅमेऱ्याचा फोकस अडकलाय की मुळात नाहीच?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीचं घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत एक कॅमेरा सापडला. आजोबा बोटीवर होते. आजी म्हणते, आत्याच्या जन्माच्या वर्षी कोबेहून आणला, म्हणजे १९५७. उभा डबा, पुढे एकाखाली एक दोन भिंगं, वरचं झाकण उघडून खाली बघायचं, मागे लाल काचेची बारकी खिडकी. नावाच्या पट्टीवर शेवटचं ‘फ्लेक्स’ एवढंच वाचता येतं.

मला वाटलं, घरात रोलीफ्लेक्सचा, त्या नावाजलेल्या जर्मन दोन भिंगी कॅमेऱ्याचा, चुलतभाऊ निघाला! पण दोन्ही भिंगं जागची हलत नाहीत. एका दुरुस्तीवाल्याने ‘फोकस जाम आहे’ म्हणून साडेतीन हजार सांगितले. आजी म्हणते, "फिरवायचंय काय त्यात? हे समोर उभं करायचे नि खटका ओढायचे."

खरं कोण? आणि यात कुठला रोल बसेल? ४०० आयएसओचा (म्हणजे कमी उजेडातही चालणारा) १२० मापाचा रोल उत्साहात आधीच घेऊन ठेवलाय. आजीचा एक फोटो याच कॅमेऱ्याने काढायचाय.

भिंगवाला: आजी खरी. पैसे देऊ नका.

वरून बघताना डोकं थोडं बाजूला न्या. चित्र नाहीसं होतं का? होत असेल तर तिथे घासलेली काच नाही, नुसतं मोठं फुगीर भिंग आहे. त्यात चित्र झगझगीत दिसतं, पण फोकस कळत नाही. खऱ्या ट्विन लेन्समध्ये, म्हणजे दोन भिंगी कॅमेऱ्यात, चित्र काचेवर उमटतं आणि दोन्ही भिंगं बरोबरीने पुढेमागे होतात. जपानी रिकोफ्लेक्समध्ये त्यासाठी भिंगांच्या कडेला दातेच असतात. तुमचा म्हणजे फोकस ठरलेला साधा बॉक्स कॅमेरा, ट्विन लेन्सचा अंगरखा घातलेला. ही युक्ती जपान्यांची नव्हे, जर्मनीत १९३२ सालीच फोग्टलँडर ब्रिलियंट निघाला होता. पण १९५० च्या रिकोफ्लेक्स थ्रीनंतर जपानात ज्याने त्याने नावापुढे ‘फ्लेक्स’ लावलं.

धागाकर्ता: चित्र गायब होतंय! आता त्या दुरुस्तीवाल्याला काय म्हणू?

भिंगवाला: काही नको, कॅमेरा परत आणा. मागचं दार उघडून आतली चौकट मोजा. साधारण साडेपाच सेंटिमीटरची चौरस असेल तर १२० किंवा ६२०. फिल्म तीच, फक्त ६२० ची रीळ बारीक. तुमचा रोल सैल किंवा घट्ट न होता बसला तर प्रश्न मिटला. चौकट चार सेंटिमीटरची निघाली तर मात्र १२७, तो मिळणं कटकटीचं.

क्लिकथ्री: आमच्याकडे आगफा क्लिक थ्री होता, तोही असाच, बारा चौकोनी फोटो. ४०० चा रोल उत्तम, बिनधास्त घाला.

भिंगवाला: असहमत. असल्या कॅमेऱ्यांचं छिद्र साधारण एफ ११ आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. भर उन्हात ४०० म्हणजे चार स्टॉप, म्हणजे सोळापट जास्त उजेड, नेगेटिव्ह काळीठिक्कर होईल. उन्हाला १०० चा रोल घ्या. नाहीतर आता पाऊस आहेच, ढगाळ दिवशी अंगणात काढा, तिथे हाच ४०० बरोबर बसेल. आजींपासून आठ-दहा फूट लांब राहा, जवळ गेलात की पुसट. आणि लाल खिडकीवर काळी टेप लावा. जुन्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे, आताच्या फिल्मला दिसतो. आकडा बघताना तेवढी सावलीत उचलायची.

धागाकर्ता: चौकट ५.६ भरली, रोल बसला! मागचं दार उघडं ठेवून खटका ओढला तर शटरची पडदी उघडते, पण मिटायला आळस करते. तेल घालू?

भिंगवाला: तेल अजिबात नको! रोल काढून कोरडाच पन्नासएक वेळा खटका ओढा, बहुतेक सुटेल. आणि प्रत्येक फोटोनंतर फिल्म पुढे सरकवणारी चावी फिरवायची आठवण ठेवा. असल्या कॅमेऱ्यात तुम्ही विसरलात तर अडवणारं काही नसतं, एकावर दुसरा फोटो उमटतो.

धागाकर्ता: आत्ता कळलं! अल्बममध्ये एक फोटो आहे, आजीच्या डोक्यातून जहाजाची डोलकाठी वर गेलीय. लहानपणापासून मला वाटायचं, आजोबांनी मुद्दाम केलंय. आजीला विचारलं तर हसत म्हणाली, "मुद्दाम कुठलं, चावी फिरवायला विसरले."

पडदी आता मिटतेय. एक राहिलं: रोल गुंडाळायला दुसऱ्या बाजूची रिकामी रीळ ट्रंकेत नाही. पुण्यात कुणाकडे १२० ची पडून आहे का?