व्हॅली ऑफ फ्लॉवर्स एकटीने: हरिद्वार ते हरिद्वार सहा दिवस पुरतील का?

पायवाट

जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा या काळात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला एकटीने जायचं आहे. नेमकी तारीख ठरायची आहे. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांची सवय आहे, पण ३,००० मीटरच्या वर अजून गेलेले नाही. कागदावरचा आराखडा असा:

दिवस १ हरिद्वार ते गोविंदघाट. दिवस २ घांगरिया. दिवस ३ हेमकुंड (उंचावरचं तळं, शिखांचं तीर्थ). दिवस ४ फुलांची दरी. दिवस ५ खाली उतरून जोशीमठ. दिवस ६ हरिद्वार आणि त्याच रात्रीची रेल्वे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा क्रम बरोबर आहे का? दरीत एकटीने किती आतपर्यंत जावं, वाटाड्या लागतो का? आणि सलग पावसात सामान कोरडं कसं ठेवायचं?

उतरंड

आधी सहावा दिवस बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. रात्रीची रेल्वे काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची घ्या. शक्य असेल तर तिसऱ्या दिवशीची. या सहलीत चालणं अवघड नाही, बेभरवशाचा आहे तो रस्ता. ऋषिकेशपासून गोविंदघाटपर्यंत सुमारे २७० किलोमीटर, कोरड्या दिवशीही दहा तास सहज जातात. पावसाळ्यात श्रीनगर (गढवालातलं, काश्मीरचं नव्हे) ते रुद्रप्रयाग दरम्यान सिरोबगड आणि पिपळकोटीच्या पुढे पागल नाला या दोन जागी माती-दगड वारंवार खाली येतात. दरड कधी दोन तासांत साफ होते, कधी पूर्ण दिवस खाते. शिवाय रात्री डोंगरातली वाहतूक बंद ठेवतात, म्हणजे दुपारी अडकलात तर 'रात्रीतून पोचू' हा पर्याय उरत नाही.

राखीव दिवस सुरुवातीला ठेवू नका, शेवटी ठेवा. जाताना अडकलात तर हेमकुंड वगळून दिवस भरून काढता येतो. येताना अडकलात तर वगळायला काहीच नसतं.

अडकायची वेळ आली तर श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली, पिपळकोटी या प्रत्येक ठिकाणी मुक्कामाची सोय आहे. लोक अशा वेळी ढिगारा पायी ओलांडून पलीकडची जीप धरतात. पोलिसांनी किंवा रस्त्यावरच्या कामगारांनी माणसं सोडायला सुरुवात केल्याशिवाय हे करू नका. दरड थांबल्यासारखी दिसते, पण वरून एखाददुसरा दगड बराच वेळ सुटत राहतो आणि यंत्राच्या आवाजात तो ऐकूही येत नाही.

पहिला मुक्काम गोविंदघाटऐवजी जोशीमठला करा. (२०२४ पासून त्याचं अधिकृत नाव ज्योतिर्मठ आहे, पाट्यांवर दोन्ही दिसतील.) तिथे एटीएम, औषधांची दुकानं, बाजार सगळं आहे. पुढच्या चार दिवसांची रोकड तिथेच काढून घ्या. सकाळी शेअर जीपने गोविंदघाट २० किलोमीटर, तिथून दुसऱ्या जीपने पुलना ४ किलोमीटर. चालणं सुरू होतं ते पुलनापासून.

तारीख ठरवताना पंचांग बघा, ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या हमखास नजरेतून सुटते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. कावड यात्रा, म्हणजे गंगाजल न्यायला येणाऱ्या शिवभक्तांची यात्रा, त्यांच्या श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात असते, म्हणजे आपल्या हिशेबाने आषाढ वद्य: गुरुपौर्णिमेपासून दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवसापर्यंत. त्या काळात हरिद्वार-ऋषिकेश रस्ता माणसांनी ओसंडून वाहतो, गाड्या लांबून वळवतात, शेवटच्या चार दिवसांत तर स्टँडपर्यंत पोचणंही कठीण. तो पंधरवडा टाळा. दिव्यांच्या अवसेनंतरचे दोन आठवडे फुलांसाठीही चांगले.

भूर्जवन

क्रमाबद्दल: दरी आधी, हेमकुंड नंतर. घांगरिया ३,०५० मीटरच्या आसपास आहे आणि दरीत तुम्ही साधारण ३,५०० पर्यंत जाता. हेमकुंड ४,१०० मीटरच्या वर आहे. जोशीमठच्या १,९०० वरून घांगरियाला आल्यावर दुसऱ्याच दिवशी आणखी हजारभर मीटर चढणं शरीराला जड जातं. एक दिवस दरीत काढला की घांगरियात दोन रात्री झोप झालेली असते, आणि तो फरक चढताना चांगलाच जाणवतो.

दरीसाठी मात्र एक दिवस कमी पडतो असं माझं ठाम मत आहे. ऑगस्टमध्ये सकाळभर ढग जमिनीला टेकलेले असू शकतात, चार हातांपलीकडचं काही दिसत नाही. दोन दिवस असले तर त्यातला एक तरी उघडण्याची शक्यता चांगली वाढते. हेमकुंड की दरीतला दुसरा दिवस, असा प्रश्न आला आणि तुम्ही फुलांसाठी जात असाल तर दुसरा दिवस दरीलाच द्या.

आता प्रत्यक्ष दिवस. राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढंच उघडं असतं. वनखात्याची चौकी सकाळी ७ वाजता सुरू होते, परवाना आणि नोंद तिथे होते, ओळखपत्र लागतं. संध्याकाळी ५ च्या आत बाहेर यायचं. आत मुक्काम नाही, तंबू नाही, खेचरं नाहीत, टपरी नाही, स्वच्छतागृह नाही. ड्रोन नेऊ नका, फूल तोडू नका. जेवण घांगरियातून बांधून घ्या आणि त्याचा कागदही परत आणा.

घांगरियातून निघाल्यावर थोड्या अंतरावर वाट फुटते: उजवी हेमकुंडची, डावी दरीची. चौकीनंतर वाट उतरून पुष्पावतीच्या पुलावर येते. पुलानंतरचा भाग दिवसातला सगळ्यात दमवणारा: भूर्जाच्या जंगलातून नागमोडी दगडी चढ, सुमारे दोन किलोमीटर. पावलं लहान ठेवा, श्वास तोंडावर आला की थांबा. घांगरियापासून दरीच्या तोंडाशी यायला सव्वादोन-अडीच तास धरा. तिथून सपाटी लागते आणि चालणं जवळजवळ फिरणं होतं.

जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपर्यंत पाऊण ते एक तास. फुलं गोळा करायला आलेल्या या वनस्पती-अभ्यासक १९३९ साली इथेच कड्यावरून पडून गेल्या. त्या आल्या त्याच्या आठच वर्षं आधी, १९३१ मध्ये, कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइद या दरीत उतरले होते आणि त्यांच्या लिखाणामुळे ती जगाला माहीत झाली. समाधीपर्यंत लोकांची ये-जा असते. पुढे नदीपात्राकडे वाट जाते, तिथे गर्दी एकदम विरळ होते. एकट्या माणसाने दुपारी १ ला जिथे असेल तिथून मागे फिरायचं, समाधी आली असो वा नसो. समाधीपासून घांगरियाला परतायला अडीच तास लागतात, आणि जंगलातला ओला दगडी उतार चढापेक्षा जास्त निसरडा.

वाटाड्या दिशेसाठी लागत नाही, वाट स्पष्ट आहे. फुलं ओळखायची असतील तर जरूर घ्या. वाटेत आडवे ओढे येतात, काहींवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा वर पाऊस झाला तर दुपारी गुडघ्याच्या वर जातो. गढूळ झाला असेल आणि तळाचे दगड दिसत नसतील तर पलीकडचं माणूस येईपर्यंत थांबा, एकटीने पाय घालू नका.

एक अपेक्षा आधीच सांगून ठेवतो. कासला तेरडा फुलतो तसा एकरंगी गालिचा डोक्यात घेऊन गेलात तर पहिला तासभर हिरमुसाल. इथे बरीच फुलं नखाएवढी, गवतात मिसळलेली, कमरेत वाकून बघायची. जुलैमध्ये निळी खसखस, म्हणजे ब्लू पॉपी, दगडांच्या खाचीत एकटीदुकटी दिसते: देठाला बारीक काटे, पाकळ्या कागदासारख्या पातळ, आणि पावसाचा एक जोरकस सपकारा बसला की त्या गळतात. ऑगस्टमध्ये मात्र गुलाबी तेरडा उठतो. आपल्याच तेरड्याचा भाऊबंद, पण इथे तो माणसाच्या डोक्याइतका उंच वाढतो आणि पायवाट दोन्ही बाजूंनी झाकून टाकतो. त्यातून चालताना खांदे भिजतात, आणि पिकलेल्या शेंगेला धक्का लागला की बिया तटतट उडतात. ब्रह्मकमळ दरीत शोधत बसू नका, ते हेमकुंडच्या वाटेवर अगदी वरच्या टप्प्यात आणि तळ्याभोवती असतं.

कोरडा_कोपरा

सामानाबद्दल. रेनकव्हरवर विसंबू नका. ते सॅकच्या बाहेरच्या बाजूला बसतं, पण पाणी मानेवरून पाठीकडच्या फोममध्ये उतरतं आणि तिथून आत झिरपतं. पाच तासांच्या संततधारेत हे होतंच. उपाय आतून करायचा: जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घाला, सगळं सामान तिच्यात भरा, तोंड पीळ देऊन दुमडा. मग रेनकव्हर नसलं तरी चालतं.

कपड्यांचे दोन कप्पे मनात पक्के करा. एक जोड चालण्याचा, तो ओला होणारच. दुसरा झोपण्याचा, तो काही झालं तरी घांगरियाच्या खोलीबाहेर जाणार नाही. सकाळी ओले कपडे पुन्हा अंगावर चढवणं नकोसं वाटतं, पण दहा मिनिटांत अंगाच्या उबेने ते सुसह्य होतात. कोरडा जोड मोहाने घातला तर रात्री दोन्ही ओले. घांगरियात ऑगस्टच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली असतो आणि हवेत इतकी ओल असते की जाड कपडा दोन दिवसांतही वाळत नाही. म्हणून सुती कपडे आणि जीन्स नकोच. मोजे तीन जोड. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्याआधी एकदा बदला.

छत्री घ्या, लाजू नका. पोंचोत चढावर घामाने आतूनच भिजायला होतं. दरीच्या सपाटीवर छत्रीखाली फोटोही काढता येतात. वारा असेल तिथे पोंचो.

पुलना ते घांगरिया हा साधारण १० किलोमीटरचा रस्ता दगडी आहे आणि खेचरांच्या लिदीने बुळबुळीत झालेला असतो. भ्यूंडार गाव आणि त्यानंतरचा पूल ओलांडला की चढ खरा सुरू होतो, ताकद तिथवर राखून ठेवा. काठी एक तरी हवीच. खेचरं आली की नेहमी डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरचा बोजा दोन्हीकडे बाहेर आलेला असतो, त्याचा नुसता ओझरता धक्काही माणसाला कठड्यापलीकडे ढकलायला पुरतो. हेमकुंडच्या वाटेवरही हाच नियम.

पायवाट

खूप उपयोगी. रेल्वे बदलते, दरी आधी घेते. हेमकुंडला विरळ हवेचा त्रास झाला तर एकटीने काय करायचं? आणि घांगरियात मुक्काम आधी ठरवून ठेवावा का?

उतरंड

तळ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, त्यामुळे धाप लागणं हे दुखणं नव्हे. डोकेदुखी आणि तिच्याबरोबर मळमळ किंवा विलक्षण थकवा आला की चढणं थांबवा. बसून बरं वाटेल म्हणून वर वाट बघू नका, खाली चला. तीनशे-चारशे मीटर उतरल्यावर बहुतेक वेळा फरक पडतो. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप थांबेना तर लगेच कुणाला तरी सांगा आणि सोबतीनेच उतरा. हेमकुंडची वाट यात्रेकरूंनी भरलेली असते, टपऱ्या थेट वरपर्यंत आहेत, तिथे एकटेपणाचा प्रश्न येत नाही. खरी एकटी जागा दरीचा शेवट हीच. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

अंतर सहा किलोमीटर, पण हजार मीटरहून जास्त चढ. पहाटे ५ ला निघा. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी २ च्या सुमारास सगळ्यांना खाली पाठवतात. वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्यांचा जवळचा मार्ग फुटतो, चढताना तो घेऊ नका: लांबची वळणाची वाट दम कमी काढते. हेमकुंडसाठी चारधाम यात्रेच्या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते, ती घरूनच करा.

भूर्जवन

मुक्काम: शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टची जोडसुट्टी असेल तर आधी ठरवा, एरवी जाऊन मिळतो. गोविंदघाट आणि घांगरिया दोन्हीकडे गुरुद्वारात कुणालाही राहता येतं, लंगर असतो. डोकं झाकायचं, तंबाखू, सिगारेट, दारू अजिबात जवळ नको. गर्दीच्या रात्री मोठ्या दालनात सगळ्यांबरोबर झोपावं लागतं, त्यामुळे कानात घालायचे बोळे न्या.

दरीत जाताना मुक्कामाच्या ठिकाणी एका कागदावर लिहून द्या: नाव, घरचा फोन नंबर, कुठे चालले, किती वाजेपर्यंत परत. परत आल्यावर त्यांना सांगायला आणि चौकीवर बाहेर पडल्याची नोंद करायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी माणसं शोधायला निघतात. मोबाइलला रेंज येते-जाते, वीजही जाते. पॉवर बँक जोशीमठला पूर्ण भरून घ्या आणि रात्री फोन अंथरुणात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते.

उतरण्याच्या दिवशी घांगरिया सकाळी ७ ला सोडा. पुलनाला ११ च्या आत पोचलात तर गोविंदघाट-जोशीमठ करून दुपारीच पिपळकोटी किंवा चमोलीपर्यंत सरकता येतं, आणि पागल नाला त्याच दिवशी मागे पडतो.