मदत हवी आहे: जांभ्याचा चिरा घेताना काय बघायचं?
नमस्कार मंडळी. देवगडजवळ गावी घर बांधायला घेतोय. जोत्याला काळा दगड हे पक्कं, अडलंय ते भिंतींपाशी. गवंडी म्हणतात जांभाच (आपला कोकणातला तांबडा दगड, त्याचे कापलेले ठोकळे म्हणजे चिरे) लावा, इंजिनियर म्हणतात वीट. वीट घाटावरून येणार, म्हणजे भाडंच अंगावर येतं, वर तुटफूट आपल्या माथी. पण तिची परीक्षा तरी सोपी: दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजायला हव्यात, आणि 24 तास पाण्यात बुडवून वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये.

चिऱ्याचं असं काही आहे का? खाणीवर दाखवलेला माल वरून लालबुंद, पण कोपरा फोडला तर आत पिवळट मातीचे कप्पे, नखाने उकरले तरी गळतात. खाणवाला म्हणतो, उन्हात ठेवा, कडक होईल. जांभा उघड्यावर कडक होतो हे खरंच, पण ती माती मातीच राहणार ना?

एका गाडीत असे किती चिरे चालवून घेता? भाव नगावर सांगतात, त्यात उतराई धरलेली असते का? गौण खनिजाचा (दगड, वाळू वगैरेंचा) वाहतूक पास आपणही मागून ठेवायचा का? आणि पश्चिमेची भिंत गिलाव्याविना ठेवली तर ओल आत येते का, हे राहून बघितलेल्यांनीच सांगा प्लीज.