एका नोकरीसाठी सात राउंड?

कोपरीची:
आधी हिशेब सांगते. पद मॅनेजरच्या एक पायरी खालचं, सप्लाय चेन प्लॅनिंगमधलं. कंपनी ऐरोलीतली, नाव सांगणार नाही. माझा या कामातला अनुभव ९ वर्षांचा. रिक्रुटरचा पहिला फोन जूनच्या सुरुवातीला आला आणि सातवा राउंड झाला तेव्हा जुलै संपत आला होता.

ॲप्टिट्यूड, सायकोमेट्रिक (स्वभाव तपासणारी) वगैरे टेस्ट झाल्यावर व्हिडिओ इंटरव्ह्यू. समोर माणूसच नाही. स्क्रीनवर प्रश्न उमटतो, ३० सेकंद विचाराला, ९० सेकंद बोलायला. वर उलटी गिनती चालू आणि कोपऱ्यात आपलाच चेहरा. नजर स्क्रीनवरून हलवू नका अशी सूचना होती. 'सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत' याचं उत्तर देताना कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझी नजर गेलीच किचनकडे.

मग असाइनमेंट. सहा डेपो, १८ महिन्यांच्या विक्रीची एक्सेल, पुढच्या तिमाहीचा अंदाज बांधा आणि दहा स्लाइड करा. मेलमध्ये 'चार तास पुरतील' असं लिहिलं होतं. मला शनिवार-रविवार मिळून १४ तास लागले. एका डेपोचे मार्चचे आकडे दोनदा चढवलेले होते, ते सापडेपर्यंतच दोन तास गेले. पॅनेलला प्रत्यक्ष बोलावलं. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर, गळ्यात व्हिजिटर पास, रिसेप्शनवर सव्वा तास. आत तिघं बसलेले, एकानेही फाइल उघडलेली नव्हती. "थोडक्यात सांगा ना, काय केलंत?"

त्यानंतर बिझनेस हेड, मग एचआर. पगाराचंही बोलणं झालं. आज २२ दिवस झाले, तीन मेल केले, उत्तर नाही. अहो, 'नाही' तरी म्हणा. तीन राउंडमध्ये कळत नाही असं सातमध्ये काय कळतं, हे कुणी समजावून सांगेल का?

महापे_मॅनेजर:
टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगतो. गेल्या वर्षी एका पदासाठी मी पाच जणांना ऑफर दिली तेव्हा कुठे एक रुजू झाला. बाकीच्यांनी ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये आमचं ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे जास्त घेतलं. त्याआधी एकदा व्हिडिओवर ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा. रुजू व्हायला तिसराच आला असता, तर त्याला काढेपर्यंत सहा महिने टीमने त्याचं काम ओढलं असतं. रेझ्युमे तर आता सगळ्यांचे सारखेच सुंदर, चॅटबॉटची कृपा. सात राउंड जास्त आहेत, मान्य. पण मी पाच घेतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. असाइनमेंट तर सोडणारच नाही.

सीवूड्स_एचआर:
ताई, उत्तर न देणं चूकच. त्याची बाजू मी घेणार नाही. राउंडबद्दल मात्र थोडं लिहिते, कारण यावर भरपूर संशोधन झालंय आणि आमच्या धंद्यात ते कुणी वाचत नाही.

१९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी आधीच्या ८५ वर्षांचा अभ्यास एकत्र केला. निवडीची कोणती पद्धत पुढच्या कामाचा अंदाज किती बांधते, याचे आकडे त्यात आहेत; ० म्हणजे काहीच कळत नाही, १ म्हणजे अचूक कळतं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच गणित दुरुस्त केलं आणि बहुतेक आकडे खाली आले. सगळ्यांना तेच प्रश्न, तेच गुण देण्याचे निकष, असा बांधीव इंटरव्ह्यू ०.४२ वर पहिला. गप्पांसारखा इंटरव्ह्यू ०.१९. म्हणजे 'जरा भेटून बघू' छापाचे चार राउंड घेण्यापेक्षा एक नीट बांधलेला बरा. गूगलनेही आपल्याच भरतीचे आकडे तपासले आणि चार इंटरव्ह्यूंनंतर फारसं नवीन काही कळत नाही या निष्कर्षाला आले.

मग सात कशाला? आतली गोष्ट सांगते. कुणालाच एकट्याने 'हो' म्हणायचं नसतं. उद्या माणूस चुकीचा निघाला तर 'सगळ्यांनी पाहिला होता' म्हणता यायला हवं.

महापे_मॅनेजर:
तुमच्याच यादीत कामाचा नमुना, म्हणजे असाइनमेंटसारखं काम करून घेणं, किती आहे, तेही सांगा की.

सीवूड्स_एचआर:
०.३३. वाईट नाही. पण तो नमुना कुणीतरी उघडून तपासला तर!

कळवा_काका:
पुतण्या एसएसबीला जाऊन आला. लष्करी अधिकाऱ्यांची निवड, पाच दिवस. पहिल्या दिवशी चाळणी, त्यात गळलेली मुलं त्याच दिवशी घरी. उरलेल्यांना चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात, शब्दाला १५ सेकंद असे ६० शब्द, मैदानावर दोर आणि फळ्या घेऊन गटाची कामं, वर लांबलचक मुलाखत. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स आणि निकाल तिथल्या तिथे. त्या प्रकारच्या भरतीला पहिल्यांदाच आलेल्या मुलाला रेल्वेचं थर्ड एसीचं भाडंही देतात. आमचा पडला. पण पडला हे त्याला त्याच दुपारी कळलं, संध्याकाळची गाडी धरून तो परत आला. ज्यांच्या हाती पुढे माणसांचे जीव द्यायचे, त्यांची पारख पाच दिवसांत होते. आणि डेपोत साबणाची खोकी किती लागतील हे सांगणारीला दोन महिने?

महापे_मॅनेजर:
काका, तिथे निवड हेच ज्यांचं काम ते लोक पाच दिवस दुसरं काही करत नाहीत. माझ्याकडे सात पदं रिकामी आणि एचआरमध्ये दीड माणूस. इंटरव्ह्यू मी दोन मीटिंगांच्या मध्ये, डबा खाता खाता घेतो.

कोपरीची:
मग दीड माणसात सात राउंड परवडतात कसे?

घणसोलीची_आई:
मी असाइनमेंटलाच थांबले. चार वर्षांच्या ब्रेकनंतर परत सुरुवात करत होते, मुलगी तीन वर्षांची, नवरा शिफ्टला. 'वीकेंडला आरामात करा' असं रिक्रुटर म्हणाली. आराम! शनिवार-रविवार मोकळा असणं हाच खरा पहिला राउंड असतो, तो कुठे लिहिलेला नसतो एवढंच. काम येतं की नाही हे तपासायचंय ना? मग दोन तास समोर बसवून करून घ्या. मी मुलीला सासूबाईंकडे ठेवून येईन.

वागळे_इस्टेट:
इथे सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून लिहितो. माझा डिप्लोमा मुरबाडच्या कॉलेजचा, इंग्रजी तोडकंमोडकं. वागळे इस्टेटमध्ये पहिल्या दोन नोकऱ्या केल्या तिथे एकाच भेटीत निवड व्हायची. कुणाची? मालकाच्या गावच्या पोराची, नाहीतर सीएच्या भाच्याची. मला कुणी आत घेतलं तर हंगामी म्हणून. तिसऱ्या ठिकाणी सहा राउंड होते, चाळीस दिवस लागले. पहिली टेस्ट कॉम्प्युटरवर होती आणि कॉम्प्युटरला माझं कॉलेज माहीत नव्हतं. पॅनेलसमोर पोचलो तेव्हा हातात मार्क होते, म्हणून तोडक्या इंग्रजीत का होईना, ऐकून घेतलं. राउंड कमी करा म्हणताना आधी कोणता उडेल ते बघा. साहेबांशी गप्पांचा उडणार नाही. टेस्टच उडेल.

सीवूड्स_एचआर:
याला माझ्याकडे उत्तर नाही. असंच होतं.

कोपरीची:
वागळे, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. टेस्टबद्दल माझी तक्रार नव्हतीच, तास-दीड तासात झाली ती. १४ तासांची आहे, आणि २२ दिवसांची. महापे, तुम्हाला एकच विचारते. तुम्ही जी असाइनमेंट पाठवता ती कधी स्वतः सोडवून पाहिलीत का? मेलमध्ये किती तास लिहिता?

महापे_मॅनेजर:
चार लिहितो. सोडवलेली नव्हती. आधीच्या मॅनेजरची फाइल होती, तीच पुढे पाठवत आलो.
(दोन दिवसांनी) काल रात्री जेवून बसलो. साडेसहा तास झाले, स्लाइड अजून बाकी आहेत. आणि माझ्याही फाइलमध्ये एका डेपोचे आकडे दोनदा आहेत. ते मुद्दाम ठेवलेत की चुकून, हे आता विचारायला तो मॅनेजर कंपनीत नाही. डेपो सहाचे दोन करतोय. राउंड पाचच राहतील.