शॅपचा चढ आणि दोरीची गाठ

जुन्या ब्रिटिश लॉऱ्या केवळ इंजिने अशक्त असल्यामुळे रखडत चालत, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. त्या लॉऱ्यांतले गार्डनर 6एलडब्ल्यू हे डिझेल इंजिन जेमतेम 112 अश्वशक्तीचे होते हे खरे. परंतु अवजड लॉऱ्यांना 1957 पर्यंत कायद्यानेच ताशी 20 मैलांची मर्यादा होती, ती त्या वर्षी 30 झाली.

त्या काळच्या चालकांच्या आठवणींत उत्तर इंग्लंडमधल्या केंडल आणि पेनरिथ यांच्यामधला ए6 रस्त्यावरचा शॅपचा चढ हटकून येतो. हिवाळ्यात तिथे बर्फाने वाट अडे, केबिनमध्ये हीटर नसे आणि ऊब मिळे ती शेजारच्या इंजिनाच्या झाकणाची. 1970 मध्ये एम6 हा द्रुतगती महामार्ग तिथून पुढे गेला आणि जंगल कॅफेसारख्या चालकांच्या थांब्यांची रयाच गेली.

मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते माल बांधण्याचे कसब. सपाट हौद्यावरच्या मालावर ताडपत्री पसरायची, पाकिटासारखे तिचे कोपरे दुमडायचे, दोरीला फास घालून तिचे टोक हौद्याखालच्या आकड्यातून वर घ्यायचे, त्या फासातून ओवायचे आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली खेचायचे. या ‘डॉली’ गाठीमुळे ओढ बरीच वाढे आणि सोडताना एका हिसक्यात ती सुटे. भिजून गोठलेल्या दोरीने हे उघड्या हातांनी करणाऱ्यांना निव्वळ ‘चालक’ म्हणणे अन्यायाचे आहे. पुढे सरकत्या पडद्यांचे ट्रेलर रुळले आणि ही विद्या मागे पडली.