आरसीसीबी मध्येच पडतो; दोष नेमका कसा शोधावा?

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या जुन्या सदनिकेत पावसाळा सुरू झाल्यापासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागल्यास वीज तोडणारा सुरक्षा स्विच) दोन-तीन दिवसांतून एकदा, बहुधा पहाटे, पडतो; एमसीबी (भार जास्त झाल्यास किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडणारा स्विच) मात्र एकही पडत नाही. गिझरचे बटण बंद ठेवून पाहिले, तरी फरक नाही.

उत्तर १ : एमसीबी पडत नाही, त्याअर्थी भार जास्त झालेला नसून कोठेतरी प्रवाह अर्थिंगकडे गळत असावा. बटण बंद करून भागत नाही, कारण ते बहुधा फक्त फेज तोडते आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो, व त्यातूनही गळती होऊ शकते; म्हणून एकेका उपकरणाचा प्लगच काढून ठेवावा.

उत्तर २ : सहमत. शिवाय असा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कधीही पडू शकतो, त्यामुळे फ्रिज, संगणक, वॉशिंग मशीन यांच्या किरकोळ गळत्यांची बेरीजही त्याला पुरते. सर्व उपकरणे काढून, वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचे इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक सर्किट तपासून घ्यावे. आरसीसीबी काढून थेट जोडणी करण्याचा सल्ला कोणी दिल्यास मुळीच ऐकू नये.

प्रश्नकर्ता : दोष सापडला. ड्राय बाल्कनीतील (नावच तेवढे ड्राय!) सॉकेटमागच्या पेटीत भिंतीची ओल उतरली होती आणि न्यूट्रलच्या स्क्रूवर हिरवट थर साचला होता. सॉकेट बदलला, भिंतीची ओल थांबवण्याचे काम गवंड्याकडे आहे.