मदत हवी आहे: ५ मे, तोक्यो, भाच्याची फिगर्सची यादी आणि साबांची अंगारकी

नमस्कार मंडळी,

नवरोबा ऑफिसच्या कामाला तीन महिने योकोहामात आहेत. मी, लेक (वय ९) आणि साबा (सासूबाई) असे आम्ही तिघं २ ते ८ मे तिकडे जातोय. तिकिटं लेकाच्या शाळेची सुट्टी बघून काढून टाकली आणि पैसे भरून झाल्यावर कळलं की तिकडे तेव्हा गोल्डन वीक असतो, म्हणजे अख्खा जपान रस्त्यावर. २९ एप्रिलपासूनच सुरू होतं, मग ३ मे संविधान दिन, ४ हरित दिन, ५ मुलांचा दिवस आणि यंदा ३ तारीख रविवारी आलीये म्हणून ६ तारखेला बदली सुट्टी. नवऱ्याची कंपनीची खोली एवढीशी आहे म्हणून आम्ही उएनोला हॉटेल घेतलंय.

तर आता प्रश्न. भाच्याने (वय १७, बारावी, अभ्यास सोडून बाकी सगळं येतं) फिगर्सची, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या बाहुल्यांची, यादी दिलीये. त्यात एक लुफी ('वन पीस'मधला हिरो), दोन नेंडोरॉइड आणि "मामी जे काही वन बाय सेव्हन स्केलमध्ये चांगलं दिसेल ते" असं आहे. वर पैसे दिलेत बारा हजार रुपये. मला यातलं ओ की ठो कळत नाही. अकिहाबारा (तोक्योतला फिगर्सच्या दुकानांचा भाग) सगळे म्हणतात पण सुट्टीच्या दिवशी दुकानं उघडी असतात का? खोटा माल कसा ओळखायचा? खोके बॅगेत मावतात का?

दुसरं, लेकाला मुलांच्या दिवसाची खास मिठाई खायचीये, त्याने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलीये, पानात गुंडाळलेली काहीतरी. शिवाय डोरेमॉनवाले दोरायाकी.

आणि तिसरं म्हणजे ५ मे मंगळवार आहे आणि संकष्टी आहे. अंगारकी. साबा अंडं खात नाहीत आणि अंगारकी त्यांनी आजवर एकदाही मोडलेली नाही. त्यांना दिवसभर त्या गर्दीतून फिरवायचं म्हणजे मलाच घाम फुटलाय. माझा बेत असा होता की ५ तारखेला सकाळी अकिहाबारा आणि संध्याकाळी मिठाई. चुकतंय का काही? जाणकारांनी सांगावं.

– तळ्यातमळ्यात

---

पिंट्याशेठ: भाच्याला सांगा ऑनलाइन मागव. एवढ्या लांब जाऊन बाहुल्या कसल्या घेताय :D

तळ्यातमळ्यात: पिंट्याशेठ, हे त्याला तुम्हीच सांगा, मी नंबर व्यनि (खासगी निरोप) करते.

खोकेबाज: ताई, बेत बरोब्बर उलटा करा. मिठाई सकाळी, आणि फिगर्स ५ तारखेला नाहीच. कारण सांगतो. ती पानातली मिठाई ५ मे उलटला की दुकानांतून गायब व्हायला लागते, फिगर कुठे पळून जात नाही. तुम्ही ८ पर्यंत आहात ना, ७ ला गुरुवार आहे, जपानी माणूस कामावर परतलेला असेल, तो दिवस फिगर्सना द्या.

दुकानं सुट्टीला बंद नसतात, उलट तेव्हाच धंदा. अकिहाबारा उएनोहून यामानोते लाइनने दुसरंच स्टेशन. स्टेशनच्या इलेक्ट्रिक टाउन बाजूने बाहेर पडलात की समोरच रेडिओ काइकान. आत मजल्यावर मजले नुसती फिगर्सची दुकानं. तिथे काचेच्या छोट्या छोट्या पेट्या दिसतील, त्या भाड्याने दिलेल्या असतात, प्रत्येक पेटीचा मालक वेगळा आणि किंमत त्याच्या मर्जीची. त्यामुळे तीच वस्तू एका पेटीत दोन हजारला आणि पलीकडच्या रांगेत साडेतीनला असं सर्रास असतं. पहिली दिसली की उचलायची नाही, एक चक्कर पूर्ण मारायची, पेटीचा नंबर फोनवर टिपायचा आणि मग माणसाला बोलवून पेटी उघडून घ्यायची.

पण तुम्ही नवख्या आहात आणि सोबत मूल आणि ज्येष्ठ, तर मी म्हणेन नाकानो ब्रॉडवे. शिंजुकूहून चुओ लाइनने पाचेक मिनिटं. जुन्या पद्धतीचं बाजारसंकुल आहे, आपल्या तुळशीबागेला छप्पर घालून वर तीन मजले चढवले तर कसं, तसं. मांदाराके हे जुन्या मांगा (जपानी कॉमिक्स) आणि खेळण्यांचं दुकान १९८० मध्ये तिथेच सुरू झालं, आता त्याच इमारतीत त्यांचीच ढीगभर दुकानं आहेत, विषयवार. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथे सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही, बरीच दुकानं बाराला उघडतात.

आता बजेट. बारा हजार रुपये म्हणजे वीसेक हजार येन धरा. ढोबळ हिशेब, येनला सहाने गुणून दहाने भागलं की रुपये, थोडं इकडेतिकडे होईल. १/७ स्केलची (पात्राच्या उंचीच्या सातव्या हिश्श्याएवढी) नवी फिगर एकटीच पंधरा ते पंचवीस हजार येन खाते. म्हणजे भाचेबुवांची यादी आणि पैसे यांची गाठ पडत नाही. मधला मार्ग म्हणजे प्राइझ फिगर. गेम सेंटरमधल्या त्या पंज्याच्या मशीनमध्ये बक्षीस म्हणून असतात त्या. लोक जिंकतात आणि जुन्या मालाच्या दुकानात विकतात, खोका न उघडलेला, हजार ते तीन हजार येनमध्ये मिळून जाते. रंगकाम स्केलएवढं बारीक नसतं पण शोकेसमध्ये ठेवल्यावर पाहुण्यांना काय कळतंय. लुफी या प्रकारात घ्या, शंभर तऱ्हेचे मिळतील. स्वतः ते मशीन खेळायला जाऊ नका, मी एकदा तीन हजार येन घालवून रिकाम्या हाताने बाहेर आलो आणि शेजारच्या दुकानात तीच फिगर बाराशेला होती.

नेंडोरॉइड म्हणजे मोठ्या डोक्याचं, साधारण दहा सेंमीचं, चेहरे बदलता येतात ते. गुड स्माइल कंपनीचं. खोका छोटा, बॅगेत आरामात जातो.

खोट्या मालाची भीती तिकडच्या नावाजलेल्या दुकानांत फारशी नको, ती लोक तपासून घेतात आणि तपासून विकतात. दोन शब्द ऐकून ठेवा, 'मिकाइफू' म्हणजे न उघडलेलं आणि 'काइफू' म्हणजे उघडलेलं. खोक्याचा कोपरा दबलाय एवढ्यावरूनही किंमत उतरते, आपल्याला तर तेच हवं. फोनचा कॅमेरा लावून लेबलचं भाषांतर करा, सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

पासपोर्ट हॉटेलमध्ये ठेवून जाऊ नका, मूळ प्रत लागते. एका दुकानात एका दिवसात कर सोडून ५,००० येन किंवा त्याहून जास्त खरेदी झाली की १० टक्के कर माफ, जुन्या मालाच्या बऱ्याच दुकानांतही. सध्या काउंटरलाच कमी होतो, १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी भरा आणि विमानतळावर परत घ्या अशी पद्धत येतेय, तुम्ही त्याआधी सुटलात. खाऊवर मात्र ही सवलत घेऊ नका, सीलबंद पिशवीत देतात आणि देश सोडेपर्यंत उघडायची नाही असा नियम आहे. मग ती पानातली मिठाई नुसती बघत बसा.

रेवडीप्रेमी: वरचा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली). एक भर, 'इचिबान कुजी' सांगायचं राहिलं. कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये चिठ्ठी फाडायची सोडत असते, एका चिठ्ठीला सातशे-नऊशे येन, रिकामी चिठ्ठी नसतेच पण मोठी फिगर क्वचित, रुमाल आणि किचेन फार. लेकाला एकदा खेळू द्या, भाच्याच्या पैशांनी नको.

पोहेवाला_निशीकासाई: तळ्यातमळ्यातताई, मिठाईचं माझ्यावर सोडा, आम्ही इथे अकरा वर्षं आहोत आणि बायकोने यावर जवळजवळ पीएचडी केलीये.

ती पानातली मिठाई म्हणजे काशिवा-मोची. साबांना समजावायला सोपं आहे, आपल्या पातोळ्यांची जपानी मावसबहीण. तांदळाच्या पिठाची उकड, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण (आंको म्हणतात), दुमडायचं आणि काशिवा म्हणजे इथल्या ओकच्या पानात गुंडाळायचं. पान खायचं नाही, पातोळ्यांसारखंच. हे पान का, तर या झाडाचं जुनं पान नवी पालवी फुटेपर्यंत गळत नाही, म्हणून घराण्याची वेल तुटू नये असा शकुन. साबांना हे सांगाच, त्यांना आवडेल.

साधारण तीन प्रकार दिसतील. कोशीआन म्हणजे वाटून गाळलेलं पुरण, त्सुबुआन म्हणजे भरड, आणि तिसरं मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं). मिसोचं पुष्कळदा गुलाबी असतं, गोड-खारट लागतं, लेक रंग बघून तेच मागेल आणि मग तोंड वाकडं करेल, तेव्हा एकच घ्या. साधी काशिवा-मोची म्हणजे तांदूळ, साखर, अझुकी, अंडं नाही. तरी पॅकेटवर कॅमेरा धरा, 'तामागो' म्हणजे अंडं. आणि दोरायाकीत अंडं असतंच, तो पॅनकेकचाच प्रकार, तेव्हा डोरेमॉन फक्त लेकासाठी.

चिमाकी नावाचंही ५ मेला खातात, ओसाका-क्योतोकडे ते गोड असतं, पण तोक्योत चिमाकी म्हणून चिनी पद्धतीचा डुकराचं मांस घातलेला भात हातात पडू शकतो. साबांच्या जवळपास आणूच नका.

घ्यायचं कुठून? डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, 'देपाचिका'. उघडायच्या वेळेला जा, ५ तारखेला दुपारनंतर चांगल्या दुकानांचे ट्रे रिकामे. नाहीच जमलं तर कुठल्याही सुपरमार्केटमध्ये तीनचं पाकीट मिळतं, चवीला ठीक. ही मोची त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी दगड होते. भारतात न्यायचा विचारही करू नका. न्यायला वेगळं घ्या, त्यावर दोन तारखा बघा, 'शोउहि किगेन' म्हणजे त्यानंतर खायचंच नाही आणि 'शोउमि किगेन' म्हणजे तोवर चव उत्तम.

लेकासाठी खेळणं आणि खाऊ एकत्र हवं असेल तर सुपरमार्केटच्या गोळ्या-बिस्किटांच्या रांगेत 'शोकुगान' शोधा. खोक्यात छोटी फिगर आणि नावाला एक गोळी. ते खाऊच्या रांगेत ठेवता यावं म्हणून ती गोळी असते असं माझं ठाम मत आहे.

उपासाचं: पहिलं म्हणजे मोची तांदळाची, दिवसा चालणार नाही. पण इथे भाजलेलं रताळं मिळतं, 'याकी-इमो', अख्खं, काही घातलेलं नसतं, साबा खूश होतील. केळी आणि दूध कुठल्याही कोपऱ्यावर. राजगिऱ्याचे लाडू घरून आणा.

मीचतो: परदेशात उपासतापास कशाला, देव समजून घेतो.

पोहेवाला_निशीकासाई: मीचतो, देव घेतो हो, साबांचं काय?

तळ्यातमळ्यात: :)) पोहेवाला, किती आभार मानू. पण साबांनी नवीनच मुद्दा काढलाय, तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे, मग चतुर्थी इकडची धरायची की तिकडची, आणि चंद्रोदय कुठला?

अंगणातली_तुळस: जिथे आपण आहोत तिथला चंद्रोदय धरायचा. ५ तारखेला तिथेही सकाळीच चतुर्थी लागते आणि रात्री चंद्र उगवतो तेव्हा चतुर्थीच असते, त्यामुळे दिवस बदलत नाही. चंद्र बराच उशिरा आहे, तोक्योची वेळ बघून ठेवा. आणि ताई, एक सुचवू का, रात्री नैवेद्याला मोदक कुठून आणणार, ती काशिवा-मोचीच ठेवा की. उकड आहे, गोड सारण आहे, आणि त्याच दिवशी संपवायची म्हणताहेत ना, रात्री उपास सोडताना संपेलच.

खोकेबाज: तुळसकाकू, नमस्कार. अख्ख्या धाग्यातलं सर्वोत्तम उत्तर.

तळ्यातमळ्यात (१० मे): आलो परत, वृत्तांत देते.

५ ला सकाळी उएनोच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात उघडायच्या आधी जाऊन उभे राहिलो, तरी आमच्या पुढे तीसेक माणसं, बहुतेक आजी-आजोबा. सहा मोची घेतल्या, चार कोशीआन, दोन मिसो (एकच घ्या सांगितलं होतं, ऐकलं नाही, लेकाने खरंच तोंड वाकडं केलं). मग खरेदी बंद, पार्कात बसलो, साबांनी याकी-इमो खाल्लं आणि "हे आपल्यापेक्षा गोड आहे" असं चक्क कबूल केलं. शंभर येनच्या दुकानातून कागदी कोइनोबोरी, म्हणजे माशाचा झेंडा, घेतला, तो मासा आता आमच्या गॅलरीत फडफडतोय.

रात्री चंद्र काही दिसला नाही, हॉटेलच्या खिडकीसमोर दुसरं हॉटेल. वेळ बघून हात जोडले, फोनमधल्या बाप्पापुढे मोची ठेवली. साबांचा निकाल: "पातोळीच, पण हळदीच्या पानाचा वास नाही त्याला काय करणार." मिसोची मात्र दोन्ही त्यांनीच संपवली.

६ ला सनशाइन सिटीत गेलो, इकेबुकुरोला, नाणं टाकलं की खेळण्याची कॅप्सूल पडते त्या मशीनचं दुकान. २०२१ मध्ये ३,०१० मशीन लावून गिनीज रेकॉर्ड केलेलं, हे लेकानेच मला वाचून दाखवलं. शंभरच्या नाण्यांची पुरचुंडी नेली होती, वीस मिनिटांत संपली. एका कॅप्सूलमधून बारीकसा प्रेशर कुकर निघाला, तो कोणाला द्यायचा यावरून अजून वाद आहे.

७ ला नाकानो, बरोबर बाराला. दोन नेंडोरॉइड जुने, खोक्याला जरासा पोचा आलेले, मिळून आठ हजार. लुफी प्राइझवाला अठराशे. स्केल नाही घेतली, उरलेले पैसे परत आणले. आणि खोकेबाज, अकिहाबारातही एक चक्कर झालीच एका संध्याकाळी, घाई केली आणि पहिल्याच पेटीतून लेकासाठी एक घेतलं, वीस पावलांवर तेच सातशे येनने स्वस्त. तुमचं वाक्य कानात वाजत होतं.

काल भाचा आला, खोके बघितले, स्टिकर तपासले, "मामी भारी" म्हणाला. आणि उघडतच नाहीये. उघडलं की किंमत उतरते म्हणे. तीनही खोके कपाटात, वर बेडशीट टाकलंय धूळ बसू नये म्हणून.

खोकेबाज: ताई, मुलगा आमच्यातला आहे. बेडशीट गडद रंगाची आहे ना? ऊन लागलं की खोका फिका पडतो.