मदत हवी आहे: बर्लिनमध्ये खोली मिळाली, पण त्या पत्त्यावर नोंदणी करू देत नाहीत

नमस्कार.

मी मूळची कराडची. ऑक्टोबर २०२५ पासून बर्लिनच्या फ्राये उनिव्हर्सिटेटमध्ये डेटा सायन्स या विषयात एम.एस्सी. करते आहे. प्रश्न माझ्या अभ्यासक्रमाचा नाही, राहत्या जागेचा आहे. पण येथे आल्यावर कळले की जागेचा प्रश्न सुटल्याशिवाय बाकी कशालाच हात घालता येत नाही. जर्मनीत, विशेषतः बर्लिनमध्ये राहिलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर वाचून मार्गदर्शन करावे.

निघण्यापूर्वीची तयारी मी शक्य तितकी काटेकोर केली होती. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून बंधनकारक झालेले एपीएसचे (शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे) प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो, आरोग्यविमा, व्हिसा, सगळे वेळेत झाले. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क नसते, सहामाहीचे अंशदान तेवढे भरावे लागते आणि त्यातच देशभरच्या शहरी व प्रादेशिक गाड्यांचा पास मिळतो, या हिशेबावरच आमच्या घरी होकार मिळाला. तरीही ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम रुपयांत बारा लाखांच्या वर गेली आणि त्यासाठी वडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढले. त्या खात्यातून दरमहा ९९२ युरोच मिळतात, त्यामुळे चूक करायला माझ्याकडे फारशी जागा नाही.

या सगळ्या यादीत ज्या एका गोष्टीचे महत्त्व मला उमगले नव्हते ती म्हणजे आन्मेल्डुंग, अर्थात राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात ती करावी लागते आणि त्यासाठी जागा देणाऱ्याने सही केलेला एक पानी दाखला लागतो. त्याचे नाव उच्चारायलाच मला आठवडा लागला: वोहनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकराराची प्रत या दाखल्याऐवजी चालत नाही.

मी भारतातूनच नॉयकोल्न भागात एक फर्निचरसह खोली ठरवली. घर एका गृहस्थाने भाड्याने घेतलेले आहे, तो शेजारच्या खोलीत राहतो आणि मला पोटभाड्याने ठेवले आहे. भाडे ४८० युरो, अनामत ९६० युरो. करार दोन पानांचा आहे, त्यावर मुदत लिहिलेली नाही. २९ सप्टेंबरला मी राहायला आले. तिसऱ्या दिवशी दाखल्याचा कागद पुढे केला, तेव्हा त्याने अगदी शांतपणे सांगितले की या पत्त्यावर नोंदणी होणार नाही, ते आधीच गृहीत होते. जाहिरातीत तसे कोठेही लिहिलेले नव्हते. मी कारण विचारले तर ‘घरमालकाला आवडणार नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी त्याने मूळ मालकाकडून घेतलेली नसावी, असा माझा तर्क आहे.

येथे पोस्टमन पत्ता पाहतो तसेच टपालपेटीवरचे नावही पाहतो; नाव नसेल तर पत्र परत जाते. म्हणून मी माझे आडनाव एका कागदाच्या पट्टीवर सुवाच्य अक्षरांत लिहून, पारदर्शक चिकटपट्टी लावून, खाली जिन्याजवळच्या टपालपेटीवर त्याच्या नावाखाली चिकटवले. संध्याकाळी परत आले तेव्हा पट्टी निघालेली होती आणि पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन तुकडे तेवढे राहिले होते. दुसऱ्यांदा लावली, दुसऱ्या दिवशी तीही नाही. त्या आठवड्यात माझे आरोग्यविम्याचे कार्ड आणि बँकेच्या पिनचे पाकीट, दोन्ही पाठवणाऱ्याकडे परत गेले. आपल्या नावाची पट्टी एका पेटीवर नसणे ही बाब एवढे अडवू शकते, हे मला घरी फोनवर समजावून सांगता आले नाही.

नोंदणी नाही म्हणून आयकर क्रमांकाचे पत्र येत नाही, आणि तो क्रमांक नसेल तर नोकरी देणारा सर्वांत चढ्या दराने कर कापतो. नियमानुसार विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मला विद्यापीठाजवळच एक अर्धवेळ काम मिळण्याची शक्यता आहे, पण ते लोक कागदपत्रांसाठी थांबले आहेत. माझा व्हिसा २० मार्चपर्यंतच आहे. त्यापुढचा निवासपरवाना परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून घ्यायचा आणि तेथेही पहिला प्रश्न पत्त्याच्या नोंदणीचाच.

आता ज्या गोष्टीमुळे हा धागा काढावासा वाटला ती सांगते. विद्यार्थ्यांच्या एका गटात मला एका अनोळखी व्यक्तीचा निरोप आला की ३०० युरो दिल्यास तो आपल्या पत्त्यावर माझी नोंदणी करून देईल, प्रत्यक्ष राहण्याची गरज नाही. वर्गातल्या दोघांनी असेच केल्याचे ते सांगतात आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटत नाही. मला ते पटत नाही. पण सहा आठवडे असेच गेल्यावर, रात्री जाग आली की तोच निरोप पुन्हा उघडून वाचते, हेही खरे आहे.

विद्यापीठ डाहलेम भागात आहे. भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून थोड्या अंतरावर इहनेश्ट्रासे २२ ही इमारत लागते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस तेथे मानववंशशास्त्राची जी संस्था होती, तिच्यात इरावती कर्वे यांनी पीएच.डी.चे संशोधन केले. त्या वंशवादी वातावरणात कवट्यांची मोजमापे घेऊन, आपल्या मार्गदर्शकाला हवा होता तो निष्कर्ष निघत नाही हे त्यांनी लिहून दिले. आज ती इमारत आमच्याच विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि तेथे राज्यशास्त्र शिकवतात. इरावतीबाईही कर्ज काढूनच आल्या होत्या. मी आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम त्या रस्त्याने जाते. खोट्या पत्त्यावर सही करून या शहरातली माझी पहिली नोंद व्हावी, असे मला वाटत नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. जागा देणारा दाखला देत नसेल तर मी स्वतः कार्यालयाला तसे कळवू शकते का, आणि तसे केल्याने दोन आठवड्यांची मुदत उलटल्याचा दोष माझ्यावरच येईल का? दाखल्यावर सही मूळ घरमालकाचीच लागते की या भाडेकरूची चालते? मी खोली सोडली तर किती दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागेल आणि ९६० युरो परत मिळतील का? सरकारी विद्यार्थी वसतिगृहांसाठी मी ऑगस्टमध्येच अर्ज केला आहे, प्रतीक्षायादीत आहे. त्याखेरीज डाहलेम, श्टेग्लिट्स, त्सेलेनडोर्फ या बाजूला विद्यार्थ्यांनी कोठे शोधावे? आणि पैसे देऊन नोंदणी करण्याबाबत कायदा नेमके काय म्हणतो, हेही कोणी सांगितल्यास माझ्या वर्गातल्या दोघांना दाखवता येईल.

(१२ नोव्हेंबर २०२५)

प्रतिसाद

मी बारा वर्षे बर्लिनमध्ये आहे. वकील नाही, पण नव्याने येणाऱ्या मुलांबरोबर या कार्यालयांच्या बऱ्याच फेऱ्या मारल्या आहेत. सर्वांत आधी तारखेची गोष्ट सांगतो, कारण तुमच्याकडे दोनच दिवस आहेत.

जागा देणारा स्वतः त्याच घरात राहत असेल, खोली त्याने फर्निचरसह दिली असेल आणि करारात मुदत नसेल, तर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत सूचना देऊन त्याच महिन्याच्या अखेरीस खोली सोडता येते. नेहमीची तीन महिन्यांची अट येथे लागू होत नाही. मात्र सूचना कागदावर, तुमच्या शाईच्या सहीची हवी. व्हॉट्सॲप किंवा ईमेल ग्राह्य नाही. उद्याच लिहा, एका साक्षीदारासमोर त्याच्या हातात द्या आणि फोटो काढून ठेवा. दुसरी जागा हाती नसताना सूचना देणे जिवावर येईल हे समजते, पण १५ तारीख चुकली तर डिसेंबरअखेरपर्यंत भाडे द्यावे लागेल.

दाखल्याबाबत: कायद्याच्या भाषेत जो तुम्हाला जागा देतो तो दाखला देणारा, मग तो मालक असो वा भाडेकरू. म्हणजे याची सही पुरेशी आहे, आणि त्याने मालकाची परवानगी घेतलेली नसली तरी दाखला देण्याचे त्याचे कर्तव्य संपत नाही. तो देत नसेल तर ती गोष्ट विनाविलंब नोंदणी कार्यालयाला कळवणे हे तुमचे कर्तव्य आहे. नोंदणीच्या कायद्याच्या १९व्या कलमात हे स्पष्ट आहे. तेव्हा आजच लेखी कळवा, त्याच्या नकाराचे संदेश सोबत जोडा आणि पोच जपून ठेवा. मुदत उलटल्यास हजार युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे खरी, पण स्वतःहून कळवणाऱ्या विद्यार्थ्याला तो झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

ते ३०० युरोंचे प्रकरण मात्र पूर्णपणे विसरा. प्रत्यक्ष राहण्याचा हेतू नसताना नोंदणीसाठी पत्ता पुरवणे याला ५०,००० युरोंपर्यंत दंड आहे. शिवाय तुमची सगळी सरकारी पत्रे एका अनोळखी माणसाच्या पेटीत जातील.

ब्युर्गरआम्टची वेळ घेताना फक्त नॉयकोल्न पाहू नका. बर्लिनच्या बाराही प्रभागांतले कोणतेही कार्यालय चालते. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बसा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. जागेसाठी त्सेलेनडोर्फमधल्या श्लाख्टेनझे विद्यार्थीग्रामात चौकशी करा. १९५९ पासूनची जुनी वसाहत आहे, आता सहकारी संस्था चालवते, आणि तुमच्या विद्यापीठापासून लांब नाही. श्टेग्लिट्स, लिख्टरफेल्डे भागांतल्या वयस्क मंडळींच्या घरांत रिकाम्या खोल्या असतात. विद्यापीठाच्या सूचनाफलकांवर कागद लावा, अगदी हाताने लिहून, आणि नोंदणी हवी असे पहिल्याच ओळीत लिहा.

अनामत लगेच मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. हिशेब तपासायला त्याला वाजवी वेळ घेता येतो. खोली सोडताना भिंती, गादी, कपाट यांचे फोटो काढून दोघांच्या सहीचे निवेदन करा. आणि व्हिसाची भीती तूर्त बाजूला ठेवा. तो संपण्यापूर्वी परवान्याचा अर्ज दाखल झाला की निर्णय होईपर्यंत तुमचे वास्तव्य वैध धरले जाते. विद्यार्थी कल्याण संस्थेच्या सामाजिक सल्ला केंद्रात एकदा जाऊन या. सल्ला विनामूल्य असतो.

(१३ नोव्हेंबर)

धागाकर्ती

आपले मनापासून आभार. १४ तारखेला सूचना लिहून दिली. वर्गातली एक मैत्रीण साक्षीला आली होती. त्याने कागद घेतला, काही बोलला नाही. नोंदणी कार्यालयालाही त्याच दिवशी लेखी कळवले.

हाताने लिहिलेला कागद मी शाकाहारी खाणावळीबाहेरच्या फलकावर लावला होता. नऊ दिवसांनी लिख्टरफेल्डेमधून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. भाडे ५२० युरो, म्हणजे ४० जास्त, पण खोली बघायला गेले तेव्हा दाखल्याचा कोरा कागद त्यांनी स्वतःच टेबलावर काढून ठेवला होता. १ डिसेंबरला राहायला आले. ब्युर्गरआम्टची वेळ श्पांडाऊमध्ये मिळाली, जायला तासभर लागला, आत मी दहा मिनिटेही नव्हते. मधल्या दोन महिन्यांबद्दल विचारले तेव्हा माझ्या पत्राची प्रत दाखवली. त्यांनी ती वाचली, मान हलवली आणि शिक्का मारला. दंड झाला नाही. कामाच्या ठिकाणी नोंदणीची प्रत दिली असून जानेवारीपासून रुजू होण्यास सांगितले आहे.

ज्या दोघांबद्दल मी लिहिले होते त्यांना आपला प्रतिसाद जर्मन कायद्याच्या कलमासह दाखवला. एक जण आता खरी जागा शोधतो आहे, म्हणून विचारते: लिख्टरफेल्डे किंवा श्टेग्लिट्समध्ये कोणाच्या ओळखीत नोंदणीसह खोली असेल तर कृपया येथे लिहावे, मुलगा नाशिकचा आहे आणि स्वयंपाक करतो.

विमा कार्डाचे पाकीट परवा आले. अनामत अजून मिळालेली नाही. मिळाली की किती आणि कधी, ते येथेच नोंदवेन.

(८ डिसेंबर)